करमाफीची अट : यवतमाळ जिल्ह्यातील वास्तुरक्षणाच्या अर्थसाहाय्याचा इतिहास

वऱ्हाड प्रांतात जुन्या वास्तूंच्या देखभालीसाठी सरकारने दिलेल्या आर्थिक सवलतीचे एक स्पष्ट लेखी रूप इनाम जमिनींच्या नियमांत सापडते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला आणि जुन्या राजवटींनी दिलेल्या माफीच्या जमिनींचे काय करायचे हा प्रश्न नव्या अंमलदारांपुढे उभा राहिला. इनाम म्हणजे शेतसारा पूर्णतः किंवा अंशतः माफ करून दिलेली जमीन. व्यक्तींच्या इनामांना पिढ्यांची मर्यादा घालता येत होती, परंतु देवळे, मशिदी, दर्गे, धर्मशाळा यांच्या नावे असलेल्या इनामांबाबत नियमांची भूमिका वेगळी होती. संबंधित इमारत किंवा संस्था चालू व चांगल्या स्थितीत राखली जाईल आणि ज्या सेवेसाठी जमीन दिली ती सेवा घडत राहील, तोवर माफी चालू राहील, असा तिचा आशय होता. शेतसाऱ्यातील सूट आणि इमारतीची स्थिती यांची सांगड घालणारी ही अट म्हणजे आजच्या परिभाषेत वास्तुसंवर्धनाचे आर्थिक प्रोत्साहनच होय, आणि यवतमाळ जिल्ह्यात पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर आरंभ या अटीपासूनच करावा लागतो.

हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने तुलनेने उशिरा आकाराला आला. आज ज्याला यवतमाळ म्हणतात त्या गावाचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त शेजारच्या लोहाऱ्यासह ‘योत-लोहारा’ असा येतो. कळंब हे त्या काळी सरकारचे, म्हणजे अनेक परगण्यांच्या मोठ्या महसुली विभागाचे, ठाणे होते. ब्रिटिशांनी केलेल्या रचनेत हा भाग वणीच्या नावाने ‘वुन’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत बासीम जिल्ह्यातील पुसद तालुका समाविष्ट होऊन जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या सर्व काळात वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत, आणि नगरपालिका, ग्रामीण मंडळे, बाजारपेठा यांसाठी वऱ्हाडाचे वेगळे कायदे झाले. जुन्या वास्तूंच्या वाट्याला आलेल्या तरतुदीही म्हणूनच सलग नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आलेल्या आहेत.

इनामाच्या अटीची ताकद तिच्या नियमितपणात होती. जमिनीचे उत्पन्न दरवर्षी येई, त्यामुळे खर्चही दरवर्षी करता येई, आणि दगडी वास्तूला नेमकी हीच गोष्ट लागते. कळंबच्या चिंतामणी मंदिराकडे पाहिले की ते ध्यानात येते. हे मंदिर रस्त्याच्या पातळीपासून बरेच खाली आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर समोर कुंड लागते आणि चार दिशांना तोंडे असलेली गणेशाची मूर्ती दिसते. कुंडातील पाणी काही वर्षांच्या अंतराने वर चढून देवाच्या पायाला लागते, ही श्रद्धा सर्वश्रुत आहे. जमिनीखालच्या अशा वास्तूत पावसाळ्यानंतर गाळ साचतो, सांध्यांतून ओल झिरपते, पायऱ्यांच्या दगडांखालची माती सरकते, फटींत पिंपळ-उंबराचे रोप धरते. यांपैकी प्रत्येक काम छोटे असते आणि वेळेवर केले तर दोन गवंडी व चार मजूर ते आटोपतात. दहा वर्षे ते टाळले तर पिंपळाच्या मुळ्या शिळा हलवतात आणि मग काम लाखांत जाते. जमिनीचे उत्पन्न वास्तूशी कायमचे बांधून ठेवणाऱ्या पूर्वसूरींना हा हिशेब अनुभवाने उमगला होता.

मात्र या अटीत एक उणीव होती आणि तिची फळे अजूनही दिसतात. चांगल्या स्थितीत राखणे म्हणजे काय, याची व्याख्या कोणी केलेली नव्हती. पूजा चालू आहे, दिवाबत्ती होते, उत्सव भरतो, एवढे दिसले की सेवा घडते असे महसुली अधिकारी मानीत, आणि त्यांच्या दृष्टीने ते गैरही नव्हते. शिखराचा दगड ढासळला, सभामंडपाच्या कोरीव खांबांवर चुन्याचे थरावर थर चढले, याची दखल घेणारे त्या यंत्रणेत कोणी नव्हते. यादवकालीन बांधणीची, वऱ्हाडात सरसकट हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी जी मंदिरे लोहाऱ्यासारख्या ठिकाणी आहेत, ती घडीव काळ्या दगडांची आणि चुन्याचा आधार न घेता दगडांच्या वजनावर व खाचांवर तोललेली असतात. एक शिळा निखळली की तिच्या वरच्या शिळांचा भार दुसरीकडे सरकतो. अशी निखळलेली शिळा परत जागेवर बसवण्याचे कसब असणाऱ्या पाथरवटाला मजुरी द्यायला पूजेसाठीचे उत्पन्न खर्ची पडले तर ते योग्य की अयोग्य, हे ठरवणारा नियमच नव्हता.

मंदिरांच्या दगडांकडे वास्तू म्हणून पाहणारी नजर प्रथम पुरातत्त्व खात्याने आणली. हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली आणि गावोगावची मंदिरे, मशिदी, गढ्या, विहिरी सरकारी दप्तरात नोंदल्या गेल्या. त्यानंतर लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. हा कायदा आज प्रामुख्याने निर्बंधांचा कायदा म्हणून आठवला जातो, परंतु त्यातील दोन तरतुदी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की जिल्हाधिकारी स्मारकाच्या मालकाशी लेखी करार करू शकत असे आणि त्या करारात देखभाल कोणी करायची, लोकांना प्रवेश कसा द्यायचा, तसेच जतनासाठी मालकाला किंवा सरकारला आलेला खर्च कोणी सोसायचा, हे ठरवता येत असे. दुसरी अशी की एखाद्या स्मारकाच्या दुरुस्तीसाठी पूर्वीच काही दान किंवा निधी ठेवलेला असेल आणि तो त्या कामी वापरला जात नसेल, तर त्याचा योग्य विनियोग व्हावा म्हणून न्यायालयाकडे जाता येत असे. म्हणजे इनामाच्या अटीत जे संदिग्ध राहिले होते ते स्पष्ट करण्याचे साधन या कायद्यात होते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने हीच चौकट पुढे चालवली. परंतु ती फक्त संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांपुरती राहिली, आणि जिल्ह्यातील जुन्या वास्तूंपैकी बहुतेक या वर्तुळाबाहेर राहिल्या.

वर्तुळाबाहेरच्या या वास्तू मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्या कापसाच्या पैशातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जाऊ लागला आणि यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा या गावांत सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि सागवानी वाडे उभे राहिले. जिल्ह्याच्या जंगलांतच उत्तम साग होता, त्यामुळे ढेलजेचे खांब, तुळया आणि माडीचे कठडे यांत लाकूड सढळ हाताने वापरलेले दिसते. १८८५ चा वऱ्हाड ग्रामीण मंडळ कायदा आणि १८८६ चा वऱ्हाड नगरपालिका कायदा यांनी स्थानिक कारभाराची घडी घातली, तर १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराचे नियमन केले. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ म्हणून या कायद्याचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. कापसाच्या या उलाढालीतून स्थानिक संस्थांच्या हाती पैसा आला. तो रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांवर खर्च झाला, आणि त्या काळात त्यावाचून दुसरे काही सुचण्याजोगे नव्हते, कारण आज ज्या इमारती जुन्या वाटतात त्या तेव्हा नव्या कोऱ्या होत्या.

या इमारती म्हाताऱ्या होऊ लागल्या तेव्हा त्यांच्या मालकांपुढे कराची जी व्यवस्था होती तिच्यात देखभालीला जवळजवळ किंमतच नव्हती. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम हे तिचे उदाहरण आहे. मालमत्ता कराची, म्हणजे बोलीभाषेतील घरपट्टीची, पारंपरिक आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर होते. इमारत भाड्याने दिली तर वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल याचा तो अंदाज असतो. त्यातून १० टक्के वजा करून उरलेली रक्कम करपात्र मूल्य मानली जाते, आणि ही वजावट दुरुस्ती व अन्य सर्व कारणांसाठी मिळून आहे असे कायदा सांगतो. वजावट सर्वांना सारखीच मिळते. ज्याने वर्षानुवर्षे कौले चाळली, वाळवी लागलेला वासा बदलला, चुन्याचा गिलावा नव्याने केला, त्याला १० टक्के. ज्याने माडी कोसळू दिली त्यालाही १० टक्केच. त्यापुढे चतुर्वार्षिक आकारणीत, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत, सुधारलेल्या इमारतीचे भाडेमूल्य वाढलेले ठरण्याचा धोका असतो. इनामाच्या नियमांत सवलतीला अट होती पण अटीची व्याख्या नव्हती. घरपट्टीच्या नियमांत सवलत राहिली आणि अट नाहीशी झाली. जिल्ह्यातील जुन्या वस्त्यांच्या पडझडीची कारणे शोधताना भाऊबंदकीकडे आणि वाटण्यांकडे नेहमी बोट दाखवले जाते, ते खोटे नाही; पण कराच्या या एका ओळीचा वाटा त्याहून कमी नसावा.

भाडेनियंत्रणाने या स्थितीत भर घातली. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशाने भाडी गोठवली गेली आणि विदर्भात हा आदेश महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होईपर्यंत चालला. नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, परंतु अर्धे शतक गोठलेल्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे सागाच्या एका तुळईचेही पैसे होत नाहीत. घरमालकाने वास्तू दुरुस्त ठेवावी अशी जबाबदारी कायद्यात आहे, मालकाने टाळाटाळ केली तर नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा अशीही सोय आहे. भाडेच क्षुल्लक असल्यावर त्यातून वळते काय होणार? करपात्र मूल्य प्रमाणित भाड्याच्या, म्हणजे भाडेनियंत्रणाखाली घेता येणाऱ्या भाड्याच्या, वर जाऊ शकत नाही असे न्यायालयांनी ठरवल्यामुळे अशा इमारतींपासून नगरपालिकेलाही फारसे उत्पन्न मिळेना. मालक, भाडेकरू आणि नगरपालिका या तिघांपैकी कोणाच्याच हाती वास्तूसाठी पैसा उरला नाही.

मुंबईत हाच पेच आधी आणि अधिक तीव्रपणे आला होता. तेथे १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा होऊन जुन्या भाडेकरू इमारतींवर उपकर बसवण्यात आला आणि त्या निधीतून सरकारी मंडळाने दुरुस्ती करावी अशी व्यवस्था झाली. हेतू जीव वाचवण्याचा होता, वास्तुसौंदर्याचा नव्हे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा-नियमावली अमलात आली. तिने इमारतींची श्रेणीवार यादी केली, सल्ल्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमली आणि मालकांच्या नुकसानभरपाईचा मार्ग काढला. एखाद्या भूखंडावर किती मजली क्षेत्रफळ बांधता येईल याचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. वारसा-इमारतीच्या मालकाला हा निर्देशांक जागेवर पूर्ण वापरता येत नसेल तर उरलेला हक्क तो दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकू शकतो. यालाच हस्तांतरणीय विकास हक्क किंवा रूढ भाषेत टीडीआर म्हणतात. सरकारी तिजोरीतून एक रुपयाही न देता मालकाला मोबदला मिळतो, हे या पद्धतीचे आकर्षण आहे. त्याच नियमावलीत वारसा-इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारून तो आयुक्तांच्या हाती द्यावा अशीही तरतूद होती, आणि तिच्याबद्दल मात्र फार कमी बोलले गेले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली आणि मुंबईबाहेरील बहुतेक नागरी क्षेत्रे, त्यांत यवतमाळसह जिल्ह्यातील नगरपरिषदाही, एका चौकटीत आल्या. वारसा-वास्तूंच्या संवर्धनाचे प्रकरण या नियमावलीत आहे. त्यामुळे वणीचा एखादा वाडा किंवा यवतमाळची एखादी जुनी पेढी यादीत घालण्याचा आणि मालकाला विकास हक्क देण्याचा कायदेशीर मार्ग आता खुला आहे. अडचण बाजाराची आहे. टीडीआरला किंमत येते ती जमीन दुर्मीळ असल्यामुळे. दादर किंवा अंधेरीत वाढीव चटईक्षेत्रासाठी बांधकाम व्यावसायिक मोठी रक्कम मोजतो, कारण त्याला दुसरीकडे जागाच नसते. तालुक्याच्या गावात शहराबाहेर शेतजमीन अकृषक करून नवी वस्ती टाकणे सोपे असते, म्हणून तेथे विकास हक्काच्या प्रमाणपत्राला गिऱ्हाईक मिळणे कठीण. महानगरात उपयोगी पडलेले साधन छोट्या नगरपरिषदेला जसेच्या तसे देणे म्हणजे मालकाच्या हाती वटणार नाही असा कागद देणे होय. यवतमाळसारख्या जिल्ह्याला गरज आहे ती लहान, रोख आणि दरवर्षीच्या मदतीची, म्हणजे जुन्या इनामाने जे केले त्याची.

अशा मदतीचे नमुने अन्यत्र आहेत. इंग्लंडमध्ये १९६२ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मालकांना अनुदान किंवा कर्ज देण्याचा अधिकार मिळाला, आणि अनुदान घेतल्यावर तीन वर्षांच्या आत मालकाने इमारत विकली तर ते परत मागण्याची सोय तेथील कायद्यात आहे, जेणेकरून सार्वजनिक पैशावर कोणी नफा कमावू नये. भारतात पुदुच्चेरीच्या जुन्या तमिळ वस्तीत इन्टॅक या संस्थेने स्थानिक प्रशासन व युरोपीय संघाच्या साहाय्याने या शतकाच्या आरंभी एका रस्त्यावरील घरांचे दर्शनी भाग पूर्ववत केले. खर्चाचा भार वाटून घेतला गेला, आणि एका ओळीत वीसेक घरे सुधारल्यावर त्या रस्त्याचा बाजही परत आला. महाराष्ट्रातही राज्य संरक्षित स्मारके खासगी संस्थांनी करार करून सांभाळावीत यासाठी २००७ पासून महाराष्ट्र वैभव योजना आहे, आणि अलीकडे जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्क्यांपर्यंत निधी गड, किल्ले, मंदिरे व संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनाला देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. हा निधी जिल्हा नियोजन समितीमार्फत जातो, म्हणजे निर्णय जिल्ह्यातच होतो. त्याची व्याप्ती खासगी वाडे आणि पेढ्यांपर्यंत पोचत नाही ही त्याची मर्यादा होय.

पैसा कोणत्या कामासाठी द्यायचा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीचे आयुष्य ती ओल आत घेते व बाहेर सोडते यावर टिकून असते. भाजलेली चुनखडी विरवून, वाळू व विटांची सुरखी घालून, गोल चरात दगडी चाक फिरवणाऱ्या घाणीत ती मळली जात असे, आणि हिरडा, बेलफळ, गूळ यांचे पाणी त्यात घालण्याची पद्धत होती. अशा भिंतीवर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाला येतात आणि दगडाची पापुद्र्याने झीज सुरू होते. लोकवर्गणीतून झालेल्या अनेक मंदिर-जीर्णोद्धारांत श्रद्धेने आणि खर्चाने काहीच कमी नसते, तरीही फरशी, तैलरंग आणि सिमेंट यांखाली मूळ वास्तू गुदमरते, कारण मदतीबरोबर कामाची पद्धत कोणी सांगितलेली नसते. घाणीचा चुना सिमेंटपेक्षा महाग आणि वेळखाऊ असतो. या दोहोंतील खर्चाचा फरक नगरपरिषदेने सोसायचा असे ठरवले, तर रक्कम बेताची राहील, पाथरवट आणि चुनेकरी गवंड्यांच्या हातांना काम मिळेल आणि मालकाला चुकीचे स्वस्त काम करण्याचे कारण उरणार नाही.

सवलत आणि जबाबदारी यांची ताटातूट झाली की काय होते, याचे जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण इमारतीचे नसून लोहमार्गाचे आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ हा २ फूट ६ इंच रुंदीचा मार्ग १९०३ मध्ये कापूस मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी सुरू झाला आणि शकुंतला या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याचा झाला. त्याची मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश समूहाशी निगडित सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे, तर गाड्या चालवणे प्रथम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे व पुढे मध्य रेल्वेकडे, अशी वाटणी झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती मोडली नाही. मालकाला उत्पन्नाचा वाटा मिळण्यासाठी रूळ सुस्थितीत असण्याची अट परिणामकारक राहिली नाही, आणि चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करण्यात स्वारस्य नव्हते. मँचेस्टरला बनलेले १९२१ चे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, त्यानंतर डिझेल इंजिन आले, आणि गेल्या दशकात गाडी थांबली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यामुळे जिल्ह्याचे दळणवळण आता वेगळ्या दिशेने वाढेल. शकुंतलेच्या वाटेवरील स्थानकांची दगडी बांधकामे आणि मोऱ्या मात्र जागेवर आहेत. त्यांची नोंद वारसा-यादीत घेणे, त्यांची मालकी निश्चित करणे आणि ज्याच्याकडे मालकी जाईल त्याला घरपट्टीतील सवलत दरवर्षीच्या पाहणीनंतरच देणे, ही तिन्ही कामे सध्याच्या कायद्यांच्या चौकटीत राहून हाती घेता येण्याजोगी आहेत.